नववं गुणसूत्र उलटतं ते कमरेपाशीच का? सेंट्रोमियरशेजारच्या नकलांबद्दल

जिएम्सावाली | शनिवार, रात्री १०:१२

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी गुणसूत्रं बघते. सतरा वर्षं झाली. परवा एक जोडपं आमचाच रिपोर्ट हातात घेऊन परत आलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोनदा गर्भ टिकला नाही म्हणून डॉक्टरांनी दोघांचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायला सांगितला होता. तिचा साफ. त्याच्या रिपोर्टात नवव्या गुणसूत्रात ‘इन्व्हर्जन’. खाली बारीक टायपात ‘सामान्य भेद’ असं आम्ही लिहिलं होतं, पण बारीक टाइप वाचतं कोण? घरी आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला होता की खोट मुलातच आहे. तो तीन दिवस धड जेवला नव्हता.

त्याला काउंटरवरच सांगितलं की शंभरात एक ते तीन माणसांत हे सापडतं. सेंट्रोमियर (गुणसूत्राची कंबर) मध्ये धरून दोन्ही बाजूंचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यात काही हरवलेलं नाही, काही वाढलेलं नाही. गर्भपाताचं कारण म्हणून ते धरत नाहीत, कित्येक लॅब रिपोर्टात लिहीतसुद्धा नाहीत. त्याचा चेहरा उतरला होता तो जरा वर आला. दारापर्यंत गेला आणि परत फिरून म्हणाला, “मॅडम, पण ते तिथेच का उलटते? दुसरीकडे काऊन नाही?”

सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मागे रांग होती, तेव्हा उत्तर राहिलं. ते इथे लिहिते.

आधी आम्हाला काय दिसतं ते. रक्ताचं ७२ तास कल्चर लावायचं, पेशी विभागायला लागल्या की कोल्चिसीन घालून त्यांना ऐन मध्यावर अडवायचं, मग स्लाइडवर थेंब, ट्रिप्सिन, जिएम्साचा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. प्रत्येकाला एक कंबर असते, तो सेंट्रोमियर. पेशी विभागताना ओढणारे दोर तिथेच बांधले जातात. त्या कमरेत डीएनएच्या १७१ अक्षरांचा एक तुकडा हजारो वेळा, एकामागे एक, मालगाडीच्या डब्यांसारखा लागलेला असतो.

खरी गंमत मालगाडीत नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या वस्तीत आहे. तिथे राहणारे डीएनएचे तुकडे बरेचसे मूळचे तिथले नाहीतच. जीनोममध्ये, म्हणजे आपल्या एकूण डीएनएत, दुसरीकडे असलेल्या भागांच्या त्या नकला आहेत. हजार अक्षरांहून लांब आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जुळणारा तुकडा दोन ठिकाणी सापडला की त्याला सेगमेंटल डुप्लिकेशन म्हणतात. माणसाच्या एकूण डीएनएपैकी सुमारे ७ टक्के असा आहे, आणि त्याची गर्दी सेंट्रोमियरच्या शेजारी फार. सगळ्या गुणसूत्रांत सारखी नाही. काहींकडे झुंबड, काहींकडे शुकशुकाट.

एक उदाहरण देते. एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ एबीसीडी१ नावाचं जनुक आहे. ते बिघडलं की मुलग्यांना अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी नावाचा वाईट आजार होतो. या जनुकाच्या शेवटच्या भागाची, साधारण ९,७०० अक्षरांची, नक्कल चार जागी सापडते: गुणसूत्र २, १०, १६ आणि २२. चारही जागा सेंट्रोमियरला लागून! जनुकशास्त्रज्ञ इव्हान आयख्लर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. चारही ठिकाणी योगायोगाने कमरेपाशीच नक्कल पडणं कठीण. त्यातून दोन पायऱ्यांची कल्पना पुढे आली. आधी कुठला तरी तुकडा उचलला जाऊन एका सेंट्रोमियरच्या शेजारी येऊन बसतो. मग शेजारी जमलेल्या इतर तुकड्यांसकट अख्खा गठ्ठाच दुसऱ्या गुणसूत्रांच्या कमरेपाशी नकलला जातो. म्हणून तिथला डीएनए वाचला की गोधडी दिसते, ठिगळाला ठिगळ.

आता नवव्याचं. त्याच्या कमरेखाली पुनरावृत्तींचा जो पट्टा आहे तो फार मोठा आहे, एका पूर्ण वाचलेल्या जीनोममध्ये जवळजवळ पावणेतीन कोटी अक्षरांचा. आणि कमरेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे एकमेकांसारखे नकलांचे गठ्ठे. बर्डीच्या बाजारात मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्या आहेत ना? नवा कुरिअरवाला दोनमध्ये जायच्या ऐवजी तीनमध्ये शिरतो, कारण नाव तेच, दुकानं तीच. डीएनएची जोडाजोड करणारी यंत्रणाही तशीच फसते. समोरासमोर तोंड करून बसलेल्या दोन सारख्या गठ्ठ्यांत गफलत झाली की मधला भाग उलटा बसतो. तिथे जनुकं नसल्यामुळे माणसाला काही होत नाही. दुसरीकडे उलटत नाही असं नाही, पण इथे फसायला जागाच तयार आहे.

बरोबर आहे का, तज्ज्ञांनी तपासावं.

---

तर्रीबाज | शनिवार, रात्री १०:४०

ताई, भल्लं समजावून सांगतलं तुमी. मोदी नंबर तीनवाल्याचं पार्सल माह्या सासऱ्याच्या दुकानात येते दर आठवड्याले, तं हे मले एका झटक्यात पटलं. पण एक सांगा, या नकला करते कोण? अन् कमरेपाशीच काऊन? डोक्यापाशी काऊन नाही?

---

जिएम्सावाली | शनिवार, रात्री १०:५८

@तर्रीबाज, डोक्यापाशीही आहेत, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांजवळ. तिथेही नकलांची गर्दी असते. करणारा कुणी नाही. डीएनए तुटतो, तो सांधताना चुका होतात. सेंट्रोमियरशेजारी अशी चूक झाली तर बहुधा कुणाचं बिघडत नाही, म्हणून ती टिकून राहते. मध्यवस्तीत, म्हणजे महत्त्वाच्या जनुकात, तीच चूक झाली तर तो गर्भ राहणारच नाही. तेव्हा आपल्याला दिसतं ते टिकलेलं. यात ‘तिथे चुका जास्त होतात’ हा भाग किती आणि ‘तिथल्या चुका खपून जातात’ हा भाग किती, हे वेगळं करणं अवघड आहे. माझा कौल दुसऱ्याकडे.

---

कोडकरी | शनिवार, रात्री ११:३१

चांगला धागा. मी सॉफ्टवेअरवाला, हिंगणा रोडला नोकरी. जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं, पण ही अडचण आमची आहे म्हणून लिहितो.

शंभर-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून जीनोम जुळवायचा असतो. दोन जागी ९८ टक्के जुळणारा मजकूर असेल तर तुकडा कुठला हे कळणार कसं? सॉफ्टवेअर दोन्ही गोष्टी एकावर एक घालतं आणि ‘एकच आहे’ म्हणून मोकळं होतं. एकाच आडनावाच्या दोन घरांच्या पत्रिका एकाच पाकिटात. २००१ साली जाहीर झालेल्या मानवी जीनोमच्या मसुद्यात हे भाग अर्धवट होते, आणि २००३ ला ‘पूर्ण’ म्हणून घोषणा झाली तेव्हाही सुमारे ८ टक्के जीनोम वाचायचा राहिलाच होता. त्यातला बराच हाच भाग, सेंट्रोमियर आणि आजूबाजू.

सुटला तो २०२२ मध्ये. हजारो, कधी लाखावर अक्षरं सलग वाचणारी यंत्रं आल्यावर. तेव्हा कॅरेन मिगा, अ‍ॅडम फिलिपी आणि मंडळींनी ३०५ कोटी अक्षरांचा जीनोम टोकापासून टोकापर्यंत दिला, सुमारे २० कोटी अक्षरांची भर. आणखी एक चलाखी म्हणजे त्यांनी साधी पेशी घेतलीच नाही. नमुना द्राक्षगर्भातला होता.

---

अनघा_रामदासपेठ | रविवार, सकाळी ७:२०

द्राक्षगर्भ?? तो कशाला?

---

जिएम्सावाली | रविवार, सकाळी ८:०५

@अनघा, @कोडकरी बरोबर सांगताहेत. द्राक्षगर्भ म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फोड वाढतात तो. आपल्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईची, एक बाबांची. दोन्ही थोड्या वेगळ्या. म्हणजे नकलांचा गोंधळ आहेच, वर आई-बाबांमधला फरकही त्यात मिसळणार. पूर्ण द्राक्षगर्भात बहुतेकदा आईचा डीएनए नसतोच, बाबांचाच एक संच दुप्पट झालेला असतो. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या, निम्मा गोंधळ तिथेच संपला. मात्र त्या पेशींत वाय नव्हता. वाय गुणसूत्र नंतर दुसऱ्या नमुन्यावरून २०२३ मध्ये पूर्ण झालं.

पोहे करायला जाते, बाकीच्यांना दुपारी.

---

जुना_मास्तर | रविवार, सकाळी ९:४५

चिरंजीव मंडळी, विज्ञान शिकवून निवृत्त झालो. एक जुनी गोष्ट सांगतो. माणसात ४६ गुणसूत्रं आहेत हे जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ छापत. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी स्लाइडवर ४८ ‘मोजून’ दाखवत असणार. सरांनी सांगितलेलं दिसतंच.

गंमत म्हणजे ४८ ही संख्या चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांना लागू आहे. आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून एक झाली, ते आपलं दुसरं. सांध्याची खूण १९९१ मध्ये सापडली. जिएम्साताई, मला प्रश्न हा की दोन गुणसूत्रं जुळली म्हणजे दोन कंबरा आल्या. दुसरी गेली कुठे?

---

जिएम्सावाली | रविवार, दुपारी १:१०

मास्तर, नमस्कार. दुसरी बंद पडली. तिचा अवशेष दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूत आहे. तिथे सेंट्रोमियरसारख्या तुकड्यांचे उरलेसुरले अंश दिसतात, पण दोर बांधले जात नाहीत. आणि तुमच्या प्रश्नामुळे आठवलं, हे मुळात लिहायला हवं होतं: त्या सांध्याच्या आजूबाजूचा जो मजकूर आहे त्याच्या नकला नवव्या गुणसूत्राच्या कमरेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे आहेत. शिवाय नवव्याच्या टोकाला आणि बाविसाव्याच्या टोकालाही. म्हणजे त्या मुलाच्या रिपोर्टातली जागा आणि आपल्या ४६ ची गोष्ट एकाच कापडाची आहे.

---

ओंकारसाधक | रविवार, दुपारी २:०२

या ज्या झोपलेल्या नकला आहेत त्या ध्यानाने जागृत होतात. पूर्वजांना हे माहीत होतं.

---

जिएम्सावाली | रविवार, दुपारी २:०९

ध्यान करा, रक्तदाबाला बरं. गुणसूत्र ध्यानाने बदलत नाही. ध्यान करणाऱ्या कित्येकांची स्लाइड मी पाहिली असेल, कुणाची कुठली ते पट्ट्यांवरून ओळखू येत नाही.

---

तर्रीबाज | रविवार, दुपारी २:१५

😂 ताई, बाप्पा!

---

विदर्भाचीसून | रविवार, दुपारी ३:५०

इथे लिहावं की नाही असं वाटून राहिलं होतं. आमच्या मुलाला जन्मतः हृदयाचा दोष होता, मग कॅल्शियम कमी होऊन झटके आले. कॅरिओटाइप केला, ‘नॉर्मल’ आला. सगळे म्हणाले चला, काही नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फिश टेस्ट (चमकत्या खुणेने गुणसूत्राचा ठराविक तुकडा आहे की नाही ते बघतात ती) करायला लावली तेव्हा कळलं की बाविसाव्यातला तुकडा गेला आहे. तोवर किती गेलं हातातून. पहिल्या रिपोर्टात काहीच का दिसलं नाही? तुमच्या धाग्याशी संबंध आहे का माहीत नाही.

---

जिएम्सावाली | रविवार, संध्याकाळी ६:३०

ताई, संबंध आहे. सगळ्या धाग्यात सर्वात जास्त तुमच्या प्रश्नाशीच आहे.

बाविसावं गुणसूत्र अगदी छोटं, त्याची कंबर जवळजवळ वरच्या टोकाला. कमरेच्या लगेच खाली नकलांचे असेच गठ्ठे, थोड्या थोड्या अंतरावर. शुक्राणू किंवा अंड तयार होताना आई-बाबांकडून आलेली दोन गुणसूत्रं शेजारी बसून एकमेकांशी जुळतात. तेव्हा पहिला गठ्ठा स्वतःच्या जोडीदाराशी जुळण्याऐवजी दूरच्या, तशाच दिसणाऱ्या गठ्ठ्याशी जुळला तर मधला भाग एका प्रतीतून गळतो, दुसऱ्यात दुप्पट होतो. बहुतेक मुलांत गळतो तो साधारण ३० लाख अक्षरांचा. त्यात टीबीएक्स१ नावाचं जनुक आहे, हृदयाचे दोष बरेचसे त्यामुळे. कॅल्शियमचं नियंत्रण करणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी नीट न झाल्याने झटके. ऐकलं असेल, डायजॉर्ज म्हणतात. साधारण चार हजार जन्मांत एक असं वर्षानुवर्षं सांगत आले. हल्लीच्या मोजणीत त्याहून जास्त निघतं.

आम्हाला दिसलं का नाही, तर साध्या पट्ट्यांत ५० लाख ते एक कोटी अक्षरांहून लहान बदल डोळ्याला पकडता येत नाही. तुमच्या मुलाचा त्याच्या खालचा आहे. दिसणं शक्य नव्हतं, पण रिपोर्टात ‘यापेक्षा लहान बदल या चाचणीत दिसत नाहीत’ हे ठळक अक्षरांत असायला हवं होतं. आम्ही ते बारीक टायपात घालतो, आमची ही खोड जुनी आहे. हृदयाचा विशिष्ट दोष आणि कमी कॅल्शियम एकत्र दिसले की सरळ फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे (सगळ्या गुणसूत्रांतले लहान कमी-जास्त तुकडे शोधणारी चाचणी) मागावा, हे आता बरेच डॉक्टर करतात.

तुमची चूक नव्हती, हेही लिहिते, कारण घरोघरी विचारलंच जातं. दहातल्या नऊ मुलांत हा बदल नव्याने होतो, आई-बाबांत नसतो. तुमची दोघांची तपासणी झाली आहे का? नसेल तर पुढच्या वेळी आधी ती करा. मुलगा मोठा झाला की त्याच्या प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता निम्मी, त्याचं पुढे बघू.

---

विदर्भाचीसून | रविवार, रात्री ८:१४

झाली आहे, दोघांचीही ठीक. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा सात वर्षांचा आहे, शाळेत जातो, बोलणं जरा नाकातलं आहे. तर्री पोहे मात्र तिखटच लागतात त्याला.

---

पेशीमित्र | रविवार, रात्री ९:३३

मी संशोधक विद्यार्थी. धाग्याला +१, पण मूळ लेखात एक वाक्य खटकलं: ‘तिथे जनुकं नसल्यामुळे’. नवव्याच्या त्या तुकड्यापुरतं व्यवहारात चालून जाईल, पण वाचणारा समजेल की सेंट्रोमियरशेजारची सगळी वस्ती म्हणजे भंगार. तसं नाही.

एसआरजीएपी२ हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, ते मेंदूतल्या पेशींच्या वाढीत काम करतं. सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वी त्याची अर्धवट नक्कल झाली आणि त्याच गुणसूत्राच्या कमरेखाली बसली. सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी त्या नकलेची नक्कल कमरेच्या वर. ही दुसरी नक्कल, एसआरजीएपी२सी, आजही आपल्या प्रत्येकात आहे, इतर वानरांत नाही. ती मूळ प्रथिनाला चिकटून त्याचं काम अडवते. उंदरांच्या मेंदूत ती घातली तर पेशींवरचे काटे (इतर पेशींचे संदेश घेणारे उंचवटे) उशिरा पक्व होतात आणि दाट होतात. २०१२ मधलं काम. कमरेखालच्याच भागात नॉच२एनएल ही जनुकं आहेत. त्याच भागात तुकडा गळाला तर डोकं लहान, दुप्पट झाला तर मोठं, असे रुग्ण आहेत.

---

जिएम्सावाली | रविवार, रात्री १०:०५

मान्य. घाईत लिहिलं. ते वाक्य ‘त्या तुकड्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे’ असं वाचावं. सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्यांची ही सवय आहे, काळा पट्टा दिसला की ‘रिकामं’ म्हणायचं.

पण @पेशीमित्र, उलटंही बोलू नका की तिथला प्रत्येक तुकडा कामाचा. एबीसीडी१ च्या चार नकला कसलंच प्रथिन बनवत नाहीत. त्यांचा उपद्रव मात्र होतो. मूळ जनुकाची तपासणी करताना नकलांचे तुकडे मिसळले की नसलेला बदल दिसतो. म्हणून नुसत्या डीएनए रिपोर्टावर न विसंबता रक्तातली अतिलांब साखळीची मेदाम्लं मोजतात.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री १०:२०

म्हणजे हजार नकलांत एखादी कामाची निघते, बाकीच्या नुस्त्या गल्लीत उभ्या राह्यतात. आमच्या इतवारीतही हेच होऊन राहिलं.

---

अनघा_रामदासपेठ | सोमवार, सकाळी १०:४८

त्या जोडप्याचं पुढे काय? गर्भपातांचं कारण सापडलं का?

---

जिएम्सावाली | सोमवार, संध्याकाळी ७:१५

सांगण्यासारखं एवढंच: वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरात तीन-पाच जणांत गुणसूत्रांची खरी अदलाबदल सापडते, म्हणजे दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे बदललेले. कॅरिओटाइप आम्ही त्याच्यासाठी करतो. यांच्यात ती नाही. बाकीचं त्यांच्या डॉक्टरांचं काम.

काल तो आला होता, या धाग्याची प्रिंट घेऊन. नवव्याचा परिच्छेद पिवळ्या पेनाने रंगवलेला. म्हणाला, बाबांचीही तपासणी करू का, म्हणजे आत्याला दाखवता येईल की हे घराण्यातच आहे. शक्यता दाट आहे, हा बदल बहुतेकदा आई किंवा बाबांकडूनच येतो, म्हणजे आत्याबाईंच्या भावाकडूनही असेल, आणि मग आत्याबाईंमध्येही असू शकेल. मी म्हटलं, गरज नाही, हजारो रुपये वाचवा. तो म्हणाला, “ते ठीक आहे मॅडम, पण आत्याची करायची असली तर किती लागतील?”